चूलबंद आवतण

आमच्याकडे लग्नाचं आवतण द्यायला निघालेलं पाऊल आल्या वाटेनं मागं फिरवायचं नाही. फिरवलं तर लग्न झालेली पोरगी सासरहून तशीच माघारी येते म्हणत. कुणाची आली होती, असं विचारलं तर नाव एकालाही सांगता यायचं नाही, पण पाळायचे मात्र सगळे. त्यामुळे आवतणाची वाट कायम गोल. देवाला प्रदक्षिणा घालावी तसं घरून निघायचं, चौलच्या रामेश्वरापुढं सुपारी ठेवायची, तिथून ताडाच्या पाड्यावर, मग रेवदंड्याच्या कोटात, मग समुद्राच्या कडेकडेनं थेरोंड्याला, वर नागावला, आणि नागावहून शेतं तुडवत आतल्या अंगानं परत घरी. दहा मैल तरी भरत असतील, जास्तच असतील. आता माझा नातू गाडीनं तासाभरात हे सगळं फिरवून आणतो आणि वर विचारतो, “आजी, एवढंसं तर आहे!” मी म्हणते, व्हय बाबा, एवढंसंच आहे. पाय तुझे नव्हते ना!

ही वाट मी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात दोनदा चालले, लागोपाठच्या दोन दिवसांत. पहिल्यांदा आवतणं द्यायला आणि दुसऱ्यांदा माझ्या जिभेनं घातलेला घोळ निस्तरायला. आज सरळ उठताना भिंत धरावी लागते, तेव्हा डॉक्टर वय सांगतात. मला वाटतं, त्या दोन दिवसांतच माझे गुडघे अर्धे संपले असणार.

आमचं घर चौलच्या मागं, खाडीच्या खाजणाला लागून. पुढच्या अंगाला गोड्या जमिनीचा एक तुकडा, मागं सगळं खारातलं शेत, आणि खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध. त्या बांधावर आमचा जीव. घरात बा, आय, मी, धाकटी मंजुळा आणि शेजारच्या दारात वेणूकाकी, बाच्या थोरल्या भावाची बायको. पहाटे जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. आयच्या हातात तांदळाची भाकरी अशी काही फिरायची की तो चट चट आवाज ऐकूनच भूक लागे. भाकरीबरोबर जवळा, नाहीतर भाजलेला सुका बोंबील आणि एक पांढरा कांदा बुक्कीनं फोडून. वाल निघाले की बिरडं. याच्यापलीकडे काही खातात हे आम्हाला ऐकून माहीत होतं.

त्या वर्षी मात्र भाकऱ्या मोजून होत होत्या. भाद्रपदातल्या उधाणाला बांध फुटला आणि पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी शिरलं. बा आणि गावची माणसं दोन दिवस कमरेइतक्या चिखलात उभी राहून बांध घालत होती, पण शेत गेलं ते गेलंच. गोड्या तुकड्यातलं काय ते घरी आलं. कणगी अर्धीसुद्धा भरली नाही. बा रोज सकाळी कणगीत हात घालून बघायचा, जसं काही रात्रीतून वाढणार होतं.

त्यातच मंजुळाला स्थळ आलं. चांगलं होतं, सोडण्यासारखं नव्हतं. मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण माझं जमत नव्हतं. कारण सांगायला मला आजही हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. मी उंच होते. नुसती उंच नव्हे, बापाच्या डोक्याच्या वर निघाले होते. वेणूकाकी मला उंटीण म्हणायची, आणि ती म्हणायची ते प्रेमानं हे कळत असूनही मी तिच्याशी दोन दोन दिवस बोलत नसे. आदल्या वर्षी ताडाच्या पाड्यावरच्या गोमीबायनं तिच्या मुलासाठी मला बघितलं होतं. मला मुलाशेजारी उभं केलं, खालून वर बघितलं आणि म्हणाली, “पोर गुनाची हाय, पन आमचा बालू तिच्या काखंत बसल.” सगळे खो खो हसले. मीही हसले. मग घरी येऊन गोठ्यात बसून रडले.

तेव्हा बा म्हणाला, थोरलीचं होईल तेव्हा होईल, धाकटीचं अडवायला नको. आवतणाला वेणूकाकी आणि मी जायचं ठरलं. आयला घर सोडता येत नव्हतं, आणि करवली म्हणून माझा मान होताच. निघताना बानं मला समोर उभं केलं आणि तीनदा सांगितलं, “घरटी एक. ध्यानात ठेव. सगळीकरं घरटी एकच सांगायचं.”

हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण आताच्या छापील पत्रिकांच्या दिवसांत कुणाला कळायचं नाही. आमच्यात आवतण दोन तऱ्हेचं. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस जेवायला यायचं. आणि चूलबंद म्हणजे घरातली लहानथोर सगळी, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. आणि हे प्रत्येक दारात वेगवेगळं सांगत नसत. पाड्यातलं पहिलं मानाचं घर असे, तिथं काय सांगितलं ते सगळ्या पाड्याला लागू. ताडाच्या पाड्यावर चाळीसेक घरं, आणि मानाचं घर नेमकं गोमीबायचं.

सकाळी रामेश्वरापुढं सुपारी ठेवली, तळ्याच्या पायरीवर पाय धुतले आणि उन्हं वर यायच्या आत पाड्यावर पोचलो. विहिरीशी वेणूकाकी थांबली. तिला मशेरी लावायची होती आणि ती गोमीबायच्या देखत लावायची नव्हती. “तू हो पुढं. अक्षता दे, घरटी एक म्हन. मी आलेच.” म्हणून मी एकटी गेले.

गोमीबाय ओटीवर पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसली होती. तोंडावर सुरकुत्या, हात मात्र बाईचे सुतारासारखे. “ये गो बाय,” ती म्हणाली. “आवतन? कुनाचं? मंजीचं? नि तुजं गो कवा?”

हा प्रश्न मला त्या दिवशी पुढं प्रत्येक घरात ऐकायचा होता, पण तिच्या तोंडून तो ऐकवेना. मी म्हटलं, होईल तेव्हा होईल. त्यावर ती माळ न सोडता म्हणाली, “होल होल. उंच झाराला फल उशिरा येतं.” वाईट मनानं म्हणाली नव्हती ती, आज कळतं. पण आतल्या घरात कुणीतरी बाई फिस्सकन हसली, आणि माझं डोकं फिरलं. मी अक्षता तिच्या हातावर ठेवल्या आणि चांगल्या मोठ्यानं म्हटलं, “बानी सांगितलाय, सगल्या पाड्याला चूलबंद आवतन हाय. एकानं म्हून घरी रहायचं नाय.”

तिचे हात थांबले. “चूलबंद? या साली?”

“व्हय. कनगी भरलेली हाय आमची.”

माझ्याकडे तिनं अगदी नीट पाहिलं. म्हणाली, “बरं.” अक्षता भिंतीतल्या देवळीत ठेवल्या. तेवढ्यात तोंड पुसत वेणूकाकी आली, पाणी प्यायली, सुनेची, कांद्याची, उन्हाची चौकशी झाली. मला वाटलं आता गोमीबाय चूलबंदाचं काढील आणि काकीच्या समोर माझं पितळ उघडं पडेल. तिनं चकार शब्द काढला नाही. आम्ही उठलो आणि पुढं चालू लागलो.

पहिला फर्लांगभर मला फार बरं वाटत होतं. कशी जिरवली, असं. रेवदंड्याच्या कोटाचा दरवाजा येईपर्यंत ते बरं वाटणं उतरलं. चाळीस घरं. घरटी आठ माणसं धरली तरी किती, हा हिशेब मला सातवी फायनलपर्यंत शिकलेलीला करायला नको होता, तो आपोआप झाला. त्या कोटात आता शाळेच्या सहली येतात, मास्तर लोक पोर्तुगीज काय करत ते सांगतात. आम्हाला कोट म्हणजे सावली. दरवाज्यात गारवा, आत नारळी-पोफळीच्या वाड्या, रहाटाची करकर, पाटातून झुळझुळ पाणी. त्या सावलीत काकीनं बसकण मारली आणि भाकरी सोडली. मी भाकरी नुसती मोडत बसले. “खा गो,” काकी म्हणाली, “नायतर वाटंत परशील. तुला उचलायला चार मानसं लागतील.”

मग घरंच घरं. कोटात सात, थेरोंड्याला तीन, नागावला किती ते देवाला माहीत. प्रत्येक ठिकाणी बसायचं, प्रत्येक ठिकाणी गुळाचा कोरा चहा, नको म्हटलं तर राग. प्रत्येक ठिकाणी “नि हिचं कवा?” आणि काकीचं ठरलेलं उत्तर, “हिच्या उंचीचा देव घडवतोय अजून.” प्रत्येक ठिकाणी मी मान खाली घालून म्हणायची, घरटी एक. ते म्हणताना दरवेळी पाड्यावरची चाळीस घरं आठवायची. थेरोंड्याच्या पुढं वाळू इतकी तापलेली की सुरूच्या सावलीतून सावलीत उड्या मारत जावं लागलं. काकी तर अर्ध्या वाटेत समुद्रालाच शिव्या घालत होती. नागावच्या वाड्या संपल्या आणि उघडी शेतं लागली तेव्हा दिवस कलला होता. भात कापलेली ढेकळांची जमीन, मध्ये मध्ये वालाच्या सुकलेल्या वेलांचे ढीग, आणि बांध, बांधामागून बांध. प्रत्येक बांध चढायचा, प्रत्येक उतरायचा. माणूस थकलं की त्याला खोटं सांभाळता येत नाही. शेवटून दुसऱ्या बांधावर मी खाली बसले आणि काकीला सगळं सांगून टाकलं.

“जल्लं तुजं तोंड!” काकी ओरडली आणि माझ्या डोक्यात एक चापट मारली. मग स्वतःही माझ्याशेजारी धपकन बसली. मी म्हटलं, बाला सांगूया, तो जाऊन सांगेल चूक झाली म्हणून.

“तुजा बा?” काकी म्हणाली. “तुजा बा दिलेला शबुद मागं घेल? तो बैल इकील, पन तोंड फिरवायचा नाय. नि बैल इकला तर पावसाला काय तू नांगराला लागशील? उंच हायेस, पन एवरी नाय.”

ती बोलली ते खरं होतं. पावसाला महिनाच उरला होता. घरात एकच जोडी, त्यातला एक जरी गेला तरी शेत पडीक राहणार, आणि एक वर्ष खाऱ्यानं गेलं त्यावर दुसरं माझ्या तोंडानं जाणार. बाच्या कानावर जायच्या आत मला गोमीबायपुढं उभं राहून शब्द परत मागायचा होता. दुसरा मार्ग नव्हता.

“सरळ जाते नि सरळ येते,” मी म्हटलं. आमच्या घरून पाडा तासाभराच्या अंतरावर.

“सरळ कशी येशील? आवतनाचीच वाट ना ती? मंजीला परत आनतेस काय? गोलच जायाचं.” आणि मग काकी स्वतःचे पाय चोळत म्हणाली, “मी नाय येत हां. मी मेले तरी नाय.”

घरी एक घर राहिलं असं सांगितलं. बानं फक्त मान हलवली. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी एकटी निघाले. पायांना फोड आले होते, त्यांना आयनं खोबरेल लावून चिंध्या बांधल्या होत्या. खोटं का सांगू, वाटेनं मला पश्चात्ताप वगैरे काही होत नव्हता. मला नुसता वीट आला होता. गोमीबायचा, माझ्या उंचीचा, मंजुळाच्या लग्नाचा, त्या बांधाचा, बाच्या शब्दाचा, सगळ्याचाच. अठरा वर्षांच्या पोरीला म्हातारीसारखा थकवा यावा, असं झालं होतं. रामेश्वरापुढं मी हातसुद्धा जोडले नाहीत.

गोमीबाय त्याच ओटीवर होती. मला एकटीला बघून तिनं आतल्या सुनांना विहिरीवर पिटाळलं. मी बसले नाही. घरून चार वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. “मी काल खोटं बोलले,” एवढंच निघालं. “बानी घरटी एकच सांगितलं हुतं. कनगीत काय नाय आमच्या.”

“माहीत हाय,” ती म्हणाली. “बांध फुटला तवा आमची मानसं नव्हती का आली माती टाकायला? खाजनात काय उरलंय ते मला दिसत नाय?”

“मग तुमी पाड्याला...”

“कुनाला सांगितलं नाय. रागात दिलेलं आवतन पाड्याला सांगून काय करू? सांजच्याला घरटी एक म्हून सांगते, आता.” मग म्हणाली, “म्या तुला पोरांदेखत हसले, ते चुकलं माजं. पन शबुद तू माज्या घरात दिलास. माज्या देवलीत अक्षता हायेत. ते आता माजं नि तुजं.”

मला रडू फुटलं. म्हटलं, मग तुम्ही तरी या, तुमच्या घरची सगळी या, अकरा माणसांचं काय ते मी बघेन, माझं मी जेवणार नाही. ती हसली. “बगू,” म्हणाली, आणि मला बळंच बसवून पेज घातली. पेजेत तिनं मीठ जास्त घातलं होतं. मी वाटी पुसून खाल्ली.

पुढचा फेरा मी कसा पुरा केला ते मला नीट आठवत नाही. कोटाच्या सावलीत झोपले होते, एका कुत्र्यानं उठवलं. नागावच्या पुढं एका बांधावर चिंध्या सोडून फेकून दिल्या. घरी आले तर बा बैलांना पाणी दाखवत होता. म्हणाला, “झालं ते घर?” मी म्हटलं, झालं.

लग्न आठ दिवसांनी झालं. मांडव घातला, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं विधी केले, दुपारी पंगती बसल्या. भात, वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी. ताडाच्या पाड्यावरून घरटी एक माणूस आलं, कणगीतलं पुरलं, वर चार पायली उरलं. बा इतका खुशीत मी पुन्हा पाहिला नाही. आणि गोमीबायच्या घरून एकही माणूस आलं नाही. मी पहिल्या पंगतीला बघितलं, दुसऱ्या पंगतीला बघितलं. मला तिचा रागच आला. एवढं आपलं म्हणाली, पेज घातली, आणि शेवटी अडलीच की नाही मानापानावर! म्हटलं, जाऊ दे, ही माणसंच अशी.

तिसऱ्या पंगतीला त्या पाड्यावरची एक शेजारीण माझ्या हातचा भात घेताना म्हणाली, “तुमची नि गोमीबायची काय भांडनं हायेत काय गो?” मी म्हटलं, नाय, का? ती म्हणाली, “नाय, येताना मी हाक मारली तिला. तर म्हनाली आमी नाय येत. नि सकालपासून चूल पेटवली नाय बाईनं. पोरांना कालच्या शिल्या भाकऱ्या दिल्यान, मोठी तशीच बसलीत. म्या इचारलं, काय सुतक हाय? तर म्हनाली, नाय गो, चूलबंद आवतन हाय.”

घरातून एकच माणूस आलं असतं तर माझा शब्द खोटा पडला असता. सगळी आली असती तर पाड्यानं विचारलं असतं, यांनाच का. म्हणून तिनं चूल बंद ठेवली आणि अकरा माणसं घरातच बसवली.

भाताचं पातेलं मी तिथंच पंगतीत खाली ठेवलं आणि मांडवाबाहेर जाऊन गवताच्या उडवीमागं रडले. काकी शोधत आली, मला पदराशी धरून म्हणाली, मंजी काय लांब नाय जात गो, उगी. सगळ्यांनाच वाटलं बहीण सासरी निघाली म्हणून रडते. मी वाटू दिलं.